पेशंटचे नातेवाईक कोण?

परवा संध्याकाळी वस्तीवरचा एक पोरगा दारात आला. आईच्या हिरडीला गाठ आलेली, बार्शीला तुकडा काढून तपासला, रिपोर्ट आला, आता मुंबईला टाटाला न्यायचं ठरलंय. चहासुद्धा नको म्हणाला. "काकू, तिथं काय काय लागतं तेवढं सांगा." मी कागदांची यादी सांगितली, ती लिहून घेऊन तो गेला. पण रात्रभर मला चुटपुट लागून राहिली. कागद कुणीही सांगेल. आईला सांभाळता सांभाळता ह्या पोराला स्वतःला काय लागणार आहे, ते मी बोललेच नाही. ते आता लिहिते, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारखा जो कुणी उद्या पिशवी भरून निघणार असेल त्याच्यासाठी.

मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. २०२२ च्या ऑगस्टात माझ्या मालकांना डाव्या गालाचा कॅन्सर निघाला. वीस-बावीस वर्षं तंबाखू-चुन्याची गोळी त्याच गालात धरायचे. ऑपरेशन परळच्या टाटा हॉस्पिटलात झालं, रेडिएशन बार्शीत. दीड वर्ष बरं गेलं. २०२४ च्या जुलैत पुन्हा मानेत गाठ आली, आणि २०२५ च्या जानेवारीत ते घरीच गेले.

हॉस्पिटलात आपल्याला नाव राहत नाही. दार उघडतं, सिस्टर फाइल हातात धरून विचारतात, "पेशंटचे नातेवाईक कोण?" आणि आपण उठतो. अडीच वर्षं माझं नाव तेच होतं.

निघण्याआधी

पहिल्या खेपेला दोघं जा. एकानं रांगेत उभं राहायचं, एकानं पेशंटजवळ बसायचं. एकट्यानं गेलं की लघवीला जायचीसुद्धा पंचाईत होते, आणि तहान मारून दिवसभर बसायची सवय तिथूनच लागते.

बायोप्सीचा नुसता कागद नेऊ नका. ज्या लॅबमध्ये तुकडा तपासला तिथून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या, कारण टाटात तो पुन्हा तपासतात. आम्ही कागद तेवढा घेऊन गेलो, आणि भाऊजींना त्याच रात्रीच्या गाडीनं बार्शीला परत फिरावं लागलं. सीटी, एमआरआय केला असेल तर फिल्म आणि सीडी दोन्ही घ्या.

आधार आणि रेशनकार्ड समोरासमोर ठेवून नावं अक्षरन् अक्षर जुळतात का बघा. आमच्या एका कार्डावर सासऱ्यांचं नाव ज्ञानोबा, दुसऱ्यावर ज्ञानदेव. एवढ्यावरून चार दिवस गेले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून कुटुंबाला आता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण मंजुरी उपचाराआधी यावी लागते. घाईघाईत पैसे भरून टाकले आणि मागून योजनेत बसवू म्हटलं, तर ते होत नाही. हॉस्पिटलात ह्या योजनेचे आरोग्यमित्र बसतात, पहिल्याच दिवशी त्यांना गाठा. दुसरी जागा म्हणजे समाजसेवा विभाग. राहायची सोय, ट्रस्टची मदत, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, सगळ्याची वाट तिथून सुटते. आम्हाला हा विभाग आहे हे अकराव्या दिवशी कळलं, तेही शेजारी बसलेल्या बाईकडून.

रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री एसीला तिकीट माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म घेऊन स्टेशनच्या खिडकीवर तिकीट काढायचं. आम्ही लातूर-मुंबई एक्स्प्रेसनं जायचो. ज्या बायकांना एसटीनं जायचं असेल त्यांना अर्धं तिकीट आहेच.

राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, ही दोन नावं लक्षात ठेवा. पेशंट लहान मूल असेल तर सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांबद्दल विचारा, तिथं आईबापासकट राहता येतं. जागा लगेच मिळेलच असं नाही, नंबर लावून ठेवायचा आणि रोज विचारत राहायचं. आमचे पहिले सहा दिवस हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर गेले. तिथं मी एकटी नव्हते, झारखंडची, बंगालची, जळगावची माणसं होती. पण पाळी आलेली, अंघोळीला जागा नाही, आणि शेजारी आजारी नवरा. बायकांनो, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते: पॅड, गडद रंगाचा एक परकर आणि बादलीऐवजी दोन लिटरचा मग पिशवीत तळाशी ठेवा.

वही

दोनशे पानी वही घ्या, पेन तिला दोरीनं बांधा. पुढून तारीखवार लिहायचं: डॉक्टर काय म्हणाले, औषध कुठलं, किती वाजता दिलं, ताप किती, शौचाला झाली का, खर्च काय झाला. मागच्या पानापासून उलटे प्रश्न लिहायचे. ओपीडीत डॉक्टरांपुढे आपल्याला थोडीच मिनिटं मिळतात, आणि खुर्चीत बसलं की डोकं कोरं होतं. म्हणून तीन प्रश्न आधी लिहून न्या. त्यातला एक कायमचा ठेवा: "घरी गेल्यावर काय झालं तर सकाळची वाट न बघता यायचं?" ह्याचं उत्तर डॉक्टर नेमकं देतात, आणि ते उत्तर घरातल्या सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर लावा.

केमो चालू असेल तर त्या भिंतीवरची पहिली ओळ तापाची असते. थर्मामीटरवर १००.४ दिसलं की क्रोसिन देऊन उतरतोय का बघत बसायचं नाही, निघायचं. केमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवडे रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतात, साधा ताप तेव्हा साधा नसतो. गाडी कुणाची, डिझेल आहे का, रात्री कोण चालवणार, हे ताप यायच्या आधी ठरवून ठेवा.

पाटी

ऑपरेशनला सकाळी साडेआठला आत नेलं, बाहेर आणलं तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. गालाचा भाग आणि जबड्याचा तुकडा काढलेला, मांडीचं मांस लावून गाल केलेला, गळ्याला भोक पाडून नळी, नाकात नळी. चेहरा सुजून ओळखू येईना. माझे पाय लटपटले, आणि ह्यांनी ते बघितलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच वॉर्डातल्या दुसऱ्या पेशंटांना बघून घ्या. तिसऱ्या दिवसाचा बघा, दहाव्या दिवसाचाही बघा. सूज उतरते हे डोळ्यांनी बघितलेलं असलं की आपला चेहरा सावरता येतो.

गळ्याला नळी असेपर्यंत बोलता येत नाही. मी अंगणवाडीतली पाटी-पेन्सिल नेली होती, तिचा मोबाइलपेक्षा जास्त उपयोग झाला, कारण सलाइन लावलेल्या हातानंही पाटीवर लिहिता येतं. चौथ्या दिवशी ह्यांनी लिहिलं, "म्हैस?" म्हैस मी मुंबईला निघायच्या आठवड्यातच विकली होती. मी मान हलवली, "आहे."

घरी आल्यावर गोठा रिकामा दिसला. दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडले. तिसऱ्या दिवशी पाटीवर लिहिलं, "मला मेल्यात जमा धरलंस."

आमच्यात आजाराचं नावसुद्धा पेशंटपासून लपवायची रीत आहे. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तर मला शपथ घातली होती. पण टाटाला नेलं म्हणजे काय, हे आमच्या गावात शेळ्या राखणाऱ्या पोरालाही कळतं. माणसाला माहीत असतं, आणि आपण लपवतो म्हणून त्याला कुणाशी बोलता येत नाही. म्हशीनंतर मी दर रविवारी वहीतलं खर्चाचं पान ह्यांच्यापुढे धरायला लागले. कर्ज किती झालं ते दिसायचं. पण सोयाबीन कधी काढायचं, कुठल्या अडत्याला घालायचं, हे पुन्हा ते ठरवायला लागले. शरीरानं काहीच होत नव्हतं, तेव्हा एवढं एक काम त्यांच्याकडे राहिलं.

दारात विचारायला आलेल्या पोरा, तुझ्या आईलाही सांग. सगळं एका बैठकीत सांगायचं नाही. ती जेवढं विचारेल तेवढं सांग, आणि खोटं सांगू नकोस.

नळी, आणि माझी चूक

नाकातल्या नळीतून खायला घालणं हे आता तुमचं रोजचं काम होणार. डिस्चार्ज घ्यायच्या आधी सिस्टरांसमोर स्वतःच्या हातानं तीन-चार वेळा करा, आणि घरच्या आणखी दोघांना तरी शिकवा. मी फक्त स्वतः शिकले. इतरांना घाण वाटेल, चुकेल, असं वाटलं.

रीत अशी. पेशंटला बसवायचं, नाहीतर पाठीमागं उशा लावून अर्धवट बसता ठेवायचं. नळीवर नाकापाशी पेनानं केलेली खूण जागेवर आहे का बघायची. आधी थोडं पाणी, मग गाळलेलं पातळ जेवण, मग पुन्हा पाणी म्हणजे नळी तुंबत नाही. आम्हाला दर दोन तासांनी २०० मिली सांगितलं होतं: नाचणीची पेज, दूध, मुगाच्या वरणाचं पाणी, अंडं घुसळून शिजवून गाळलेलं. सिरिंजचा दट्ट्या दाबून ढकलायचं नाही, सावकाश जाऊ द्यायचं. झाल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्यायचं नाही. खोकला आला, श्वास लागला की लगेच थांबायचं. नळी निसटली तर आपण आत सारायची नाही, हॉस्पिटल गाठायचं.

हे सगळं मला पाठ होतं. तरी झालं.

रेडिएशनचा चौथा आठवडा होता. रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात सोमवार ते शुक्रवार असे तीस शेक सांगितले होते. हे बार्शीत घेता आलं ही मोठी गोष्ट. टाटाच्या डॉक्टरांना स्वतःहून विचारा की पुढचं गावाजवळ होईल का. न विचारता सहा आठवडे मुंबईत काढणारी माणसं मी बघितली आहेत. तर चौथ्या आठवड्यात तोंड सोलून निघालं होतं, चिकट लाळ रात्रभर यायची, दर अर्ध्या तासानं पुसायला उठायचं. मान काळी पडलेली, तिला साबण नाही, तेल नाही, हळद तर मुळीच नाही, नुसत्या पाण्यानं टिपायची. चार रात्री मी डोळ्याला डोळा लावला नव्हता. पाचव्या रात्री अकराचं शेवटचं दूध देताना मला बसल्या बसल्या डुलकी लागली. उशी घसरून ते आडवे झाले होते, ते मला दिसलं नाही. जाग आली तशी, उशीर झाला म्हणून, मी दट्ट्या दाबला.

दूध छातीत गेलं. पहाटे जीपमधून बार्शीला नेलं. न्यूमोनिया झाला, सहा दिवस ॲडमिट, आणि पाच शेक चुकले. रेडिएशनमध्ये खंड पडू द्यायचा नसतो, हे मला पहिल्या दिवशी सांगितलेलं होतं.

मला वाटलं डॉक्टर रागावतील. त्यांनी वही मागितली, पानं चाळली आणि विचारलं, "ताई, ह्यात पेशंटची झोप लिहिली आहे. तुमची कुठं आहे?"

त्या दिवसापासून वहीत माझा एक रकाना झाला. झोपले किती तास, जेवले का, माझी बीपीची गोळी घेतली का. पहिले दोन आठवडे तो रकाना बघवत नव्हता: तीन तास, अडीच तास, जेवण नाही, गोळी नाही. नवऱ्याच्या औषधाची वेळ मी मिनिटाला चुकवत नव्हते, आणि माझी गोळी संपून नऊ दिवस झाले होते. तुम्हीही हा रकाना आखा, पहिल्याच पानावर. आपण चोवीस तास जागं राहतो तेव्हा लोक कौतुक करतात, "सावित्री आहे हो" म्हणतात. मला त्या कौतुकाची फार किंमत मोजावी लागली.

मग आम्ही रात्री वाटून घेतल्या. तीन रात्री भाऊजी, दोन रात्री माझा भाऊ, दोन मी. भाऊजी पहिल्या रात्री घाबरले होते. पुरुषमाणूस, कधी लेकराचं लंगोटं बदललेलं नाही. आठवड्याभरात ते लाळ पुसायला माझ्यापेक्षा हलक्या हाताचे झाले. ज्या रात्री जागायची पाळी माझी नसे त्या रात्री मी शेजारच्यांच्या घरी झोपायचे. त्याच घरात झोपलं की प्रत्येक खोकल्याला जाग येते, त्याला झोप म्हणत नाहीत.

माणसं

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "काही लागलं तर सांगा." तिथंच, तो उभा असतानाच सांगा. मनात पाच-सहा कामं तयार ठेवा. मी एकाला म्हटलं, पुढच्या मंगळवारी-बुधवारी सोयाबीन काढायला दोन माणसं घेऊन या. एकीला म्हटलं, पोराचं दहावीचं वर्ष आहे, रोज रात्री त्याला तुमच्याकडं जेवायला बोलवा. माझ्या मदतनीस बाईंनी पोषण आहाराची सगळी रजिस्टरं ओढून नेली. काम सांगितलं की काही जण पुन्हा फिरकत नाहीत. त्यांचं मनाला लावून घेऊ नका, जे उरतात त्यांना धरा.

सल्ले देणाऱ्यांचं जरा अवघड. कुणी गोमूत्र आणतं, कुणी साखर बंद करा म्हणतं, कुणी तरी वैदूचा पत्ता देतं जो "ऑपरेशनशिवाय" बरं करतो. आत्याबाईंनी एक पुडी चोरून नळीतून द्यायचा प्रयत्न केला. त्यांना मी बोलले नाही, त्यांचा थोरला मुलगा होता. पुडी वहीत ठेवून डॉक्टरांना दाखवली, आणि डॉक्टरांनीच फोनवर त्यांची समजूत काढली. घरातल्या मोठ्या माणसाशी अशा वेळी आपण वाद घालायचा नाही, डॉक्टरांच्या तोंडून बोलवायचं.

सगळ्यात जास्त आधार मला वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर मिळाला. बंगालची एक बाई होती, तिला मराठी येत नव्हतं, मला बंगाली येत नव्हतं. तिनं मला आइस्क्रीमच्या काड्यांचा व्यायाम दाखवला. ऑपरेशन-रेडिएशननंतर जबडा आखडतो, म्हणून दातांमध्ये लाकडी काड्यांची गड्डी धरून रोज तोंड उघडायचं, आठवड्याला एखादी काडी वाढवायची. फिजिओथेरपीत तेच शिकवतात, पण तिनं दाखवलं म्हणून आमच्याकडून ते नेमानं झालं. हे सहा काड्यांपासून अकरापर्यंत आले, आणि अकराव्या काडीच्या आठवड्यात दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली.

कुणाशीच बोलवत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलतात. मी एकदा लावला, रात्री दोनला, परसात उभं राहून. समोरच्या बाईंनी उपाय काही सांगितला नाही. मी रडत होते तोवर त्या लाइनवर थांबल्या आणि मग विचारलं, आता घरात जाऊन झोपता येईल का. येत होतं.

एक गोष्ट बायका-बायकांतही बोलत नाहीत. राग येतो. त्यांनी ताटली भिरकावली की येतो, वीस वर्षं सांगत होते तंबाखू सोडा, म्हणून येतो. "सुटलं तर बरं" असंसुद्धा मनात येतं, आणि मग स्वतःचीच भीती वाटते. मी पापी आहे असं मला वाटायचं. बाकड्यावर हळूहळू बोलायला लागलो तेव्हा कळलं की असं ज्याच्या मनात आलं नाही असा नातेवाईक तिथं एकही नव्हता.

दुसऱ्यांदा

२०२४ ला गाठ परत आली तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आता बरं करणारा उपचार नाही, त्रास कमी करता येईल. त्यासाठी वेगळा विभाग असतो, पॅलिएटिव्ह केअर. अनेकांना वाटतं तिकडं पाठवलं म्हणजे हात वर केले. आम्ही गेलो, आणि आधीच्या सगळ्या दिवसांत जे कुणी विचारलं नव्हतं ते तिथं विचारलं: दुखतं किती, झोप लागते का, कुठं राहायचंय. हे म्हणाले, घरी.

मॉर्फिनची गोळी सुरू झाली. गावात लगेच कुजबुज, अफूची गोळी, आता सवय लागणार. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात, ठरलेल्या वेळी दुखण्यासाठी घेतलेल्या गोळीचं व्यसन सहसा होत नाही, हे मला तिथं नीट समजावलं होतं. दुखायला लागल्यावर द्यायची नसते, घड्याळ बघून दर चार तासांनी द्यायची असते. सोबत पोट साफ व्हायचं औषध न चुकता, कारण मॉर्फिननं मलावरोध होतोच. गोळ्या कुलपात, आणि मोजून वहीत. पहिल्या रात्री ते सलग पाच तास झोपले. भाऊजी दोनदा नाकाशी हात धरून बघून आले.

जखम फुटली तेव्हा वास सुटला. माणसं दारातून परत जायला लागली, आणि ह्यांना ते कळत होतं. त्यावर उपाय आहे, लाजून गप्प बसू नका. सिस्टरांनी दाखवल्याप्रमाणे जखम धुऊन मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड टाकली, दोन-तीन दिवसांत वास पुष्कळ कमी झाला. माशी बसू द्यायची नाही, मच्छरदाणी दिवसाही लावायची. मानेच्या जखमेतून एकदम रक्त येऊ शकतं, हेही आधी सांगितलं होतं, म्हणून गडद लाल रंगाचे टॉवेल उशाशी ठेवले होते. पांढऱ्या कापडावर रक्त बघून पेशंटही घाबरतो आणि आपणही. आमच्यावर ती वेळ आली नाही. टॉवेल मात्र शेवटपर्यंत उशाशी होते.

पोरगी तेव्हा पुण्याला नर्सिंगला होती. तिला परीक्षेसाठी थांबवावं असं सगळ्यांचं म्हणणं. मी तिला फोन करून आहे ते सांगितलं आणि ठरवणं तिच्यावर सोडलं. ती आली. नऊ दिवस बापाजवळ राहिली, नळीतून दूध तीच द्यायची.

उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून त्या विभागात परत करून आले. कुठल्या डब्यात ठेवू नका, कुणा दुसऱ्याला देऊ नका.

आणखी एक सांगायचं आहे, त्या पोराला सांगितलं नाही ते. रेडिएशनच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टर ह्यांचं तोंड बघत होते, आणि मध्येच माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही मिश्री लावता ना? या, दाखवा." माझ्या हिरडीजवळ पांढरा चट्टा होता. त्यांनी पुढच्या सोमवारी यायला सांगितलं. वहीत मी ते लिहिलंसुद्धा. मग ह्यांची नळी, मग पोराची दहावी, मग सोयाबीन, मग दुसरी गाठ. तो सोमवार दोन वर्षांनी उजाडला, ह्यांचं वर्षश्राद्धही अजून व्हायचं होतं तेव्हा. तुकडा तपासला, कॅन्सर नाही. चट्टा आहे, मिश्री बंद, दर सहा महिन्यांनी दाखवायचं. तुमच्या घरात तंबाखू, मिश्री, मावा काहीही असेल, तर पेशंटला घेऊन जाल त्याच फेरीत स्वतःचंही तोंड दाखवून घ्या.

माझी पुढची तारीख १४ ला आहे. आधीच्या वेळी मी एकटीच जाऊन आले होते. ह्या वेळी वन्सं म्हणाल्या, मी येते. दार उघडून सिस्टरांनी विचारलं की त्या उठतील.